हिरवा शालू आणि कोळशाची गाडी

माझ्या लग्नात कोळशाची आख्खी मालगाडी आडवी आली, आणि ती थांबवली कोणी? माझ्याच बापानं!

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला विदर्भातल्या खाणींमधून कोळसा येतो. तो आणणारी रेल्वेची फांदी, साइडिंग, आजोबांच्या कांद्याच्या वावरातून गेली, आणि त्या बदल्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिथल्याच फाटकावर झेंडी दाखवायची नोकरी लागली. लाल दाखवली की गाडी उभी, हिरवी दाखवली की चालू. जन्मभर तेच. जेवताना "पुरे" म्हणायचं तरी हात आडवा!

मांडव आमच्या दारात, रुळांच्या अलीकडे. विंचूरहून आलेलं वऱ्हाड पलीकडे उतरलं. डीजे दणाणत होता. अण्णांना आनंद मावेना! "या, या!" करत खांद्यावरचा लाल शेला गरागरा फिरवायला लागले. नेमकी तेव्हाच मालगाडी आली. लाल काहीही जोरात हललं की गाडी थांबवायचीच, हा नियम अण्णांनीच आम्हाला लहानपणी पढवलेला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. झालं! फाटकावर काळे डबेच डबे. नवरा तिकडे, मी इकडे.

भटजी ओरडले, "मुहूर्त टळतोय!" आईनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात पलीकडून नवऱ्याचा फोन, "आत्या म्हणते, अपशकुन झाला. मुहूर्त टळला तर माघारी फिरायचं." धाबंच दणाणलं माझं. आणि मेलं हसूही आवरेना!

इंजिन मांडवासमोरच उभं. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "अण्णा, हिरवी दाखवल्याशिवाय गाडी हलायची नाय!" अण्णा रजेवर, बदली माणूस अजून आलेला नाही, झेंड्या केबिनमध्ये कुलपात. मी बॅग उघडली, सासरी नेसून जायचा हिरवा शालू काढला आणि अण्णांकडे फेकला. काय फडकवला म्हणता त्यांनी! डबे खडखडत सरकले. एवढा लांबलचक अंतरपाट कुणी बघितला नसेल. शेवटचा डबा गेला, तर समोर नवरदेव, मुंडावळ्यांसकट कोळशानं काळाकुट्ट! मी नवरी असून खो खो हसले. अक्षता मात्र वेळेत पडल्या.

संध्याकाळी तोच शालू नेसून मी गाडीत बसले. रूळ रिकामे होते. तरी अण्णा फाटकावर उभे, लाल शेला आडवा धरून. आमची गाडी थांबली.

"अण्णा, मालगाडी येतीय का?"

अण्णा शेला खाली घेईनात. मग मीच शालूचा हिरवा पदर खिडकीतून बाहेर काढला आणि हलवला.

अण्णांनी नियमाप्रमाणे शेला खाली घेतला.