लाल टोकाची पट्टी

खरं सांगते, हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. आत्या म्हणाली, "माझ्यावर काय लिहायचंय? कांदे चिरते मी." पण परवा त्या दुकानात जाऊन आले आणि आता पोटात राहीना, म्हणून एका दमात लिहून टाकतेय. सांभाळून घ्या.

तर आत्या. एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात चिरायचं टेबल तिचं. खिडकीखालचं, स्टीलचं, एका कोपऱ्यात पोचा आलेलं. लग्नाआधीपासून ती तिथेच उभी आहे. सगळे तिला मशीनबाई म्हणतात, कारण कांदा हातात घेतला की तोंडाने शेजारणीची खबर घेत घेत तिचा हात आपोआप चालतो, आणि फोडी बघाव्यात तर एकसारख्या! नवीन कोणी कामाला लागलं की आधी आत्याच्या शेजारी उभं करतात. हे टेबल म्हणजे तिची ऐट. ती कबूल करणार नाही, पण आहे.

आणि तिचा अंगठाच रुसला. अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायची की चाकू निसटायचा. डॉक्टरांनी सांगितलं, सांधा झिजलाय, बारीक वस्तू चिमटीत धरू नका.

"मग चाकू काय दातात धरू?" आत्या म्हणाली.

तिने मुठीला फडकं गुंडाळून बघितलं. दुसऱ्याच दिवशी तपासणीवाल्या बाईंनी ते काढायला लावलं, हॉस्पिटलमध्ये असलं ओलं फडकं चालत नाही. स्वयंपाकघराचे प्रमुख, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते सगळं बघत होते. एक दिवस हळूच म्हणाले, "ताई, टेबलासाठी नवीन मुलगी येतेय. तुम्ही ट्रॉलीवर जा ना. ताटं लावायची, बास. हलकं काम आहे."

"हलकं आहे म्हणूनच नको."

"बरं, ती येईपर्यंत राहा टेबलावर. मग बघू."

दादांचं 'मग बघू' म्हणजे काय ते सगळ्या स्वयंपाकघराला ठाऊक आहे.

घरी आल्यावर ती बाजारातला प्रत्येक चाकू आणून बघायची आणि नाक मुरडायची. हा बारीक, तो गुळगुळीत, याची मूठ भलत्याच बाजूला. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, बस डेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर. दिवसभर कुणाचा ना कुणाचा पंखा उघडून बसलेले असतात. ते पेचकस न थांबवता म्हणाले, "सगळ्यांत खोट काढतेस, तर स्वतःच बनव की एक."

"बनवते," आत्या म्हणाली.

चेष्टा केली अन् अंगाशी आली! त्या दिवसापासून बिचाऱ्यांचे पंखे बंद आणि पोलादाचा शोध चालू.

आता चाकू बनवायचा तर पोलाद आणायचं कुठून? आत्याने आयुष्यभर भाजी घेतलीय, तिचा नियम एकच: दुकानदाराला विचारायचं, हे काय आहे आणि कधीचं आहे. तोच प्रश्न घेऊन ती निघाली. आधी फोनवरच्या दुकानात. फोटो असे की बघत राहावं, पात्यावर लाटांची नक्षी वगैरे. तिने टाइप केलं, "हे पोलाद कोणतं?" उत्तर आलं, "बेस्ट क्वालिटी मॅडम." तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर, वर एक फूल.

"याला विचारलं नाव, हा सांगतो गुण. लग्न जमवतोय का?" तिने फोन पालथा घातला.

मग कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला. "काय आहे म्हणजे? लोखंड आहे, बाई. चाकू हवाय तर चाकू घ्या ना, बावीस प्रकारचे आहेत."

मग आतोबांचा भंगारवाला दोस्त. गोदामात गंजाचा वास, एका भिंतीला गाड्यांचे दरवाजे, दुसरीला पट्ट्यांचा ढीग. त्याने एक पट्टी उपसून काढली. "वहिनी, ही घ्या. गाडीच्या स्प्रिंगची आहे. बहुतेक."

"बहुतेक?"

"गंज उतरला की कळेल. बहुतेक."

"पेशंटच्या जेवणात मी बहुतेक मीठ घालते का?" असं म्हणून आत्या बाहेर पडली. आतोबांनी मागे राहून ती पट्टी गुपचूप पिशवीत घातली. फुकट मिळतंय तर नाही कशाला म्हणायचं! ही पट्टी लक्षात ठेवा.

भंगारवाल्यानेच शेवटी सांगितलं, नाव विचारायचंच असेल तर पट्टीबाईंकडे जा. बॅटरीवाला आणि बंद पडलेला छापखाना यांच्या मधलं अरुंद दुकान. आत रॅकवर पोलादाच्या पट्ट्या आडव्या लावलेल्या, आणि प्रत्येकीच्या एका टोकाला रंग: लाल, पिवळा, निळा. काउंटरमागे पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या एक बाई, बोटांना रंग लागलेला.

आत्याने विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "कशासाठी?"

"चाकूसाठी. भाजीचा. पहिलाच आहे."

"तापवून विझवून पात्याला पाणी कोण देणार? भट्टी आहे?"

"घरी. आमचे हे भट्टी बांधतील." हे त्यांना अजून माहीत नव्हतं.

"मग लाल घ्या. साधं पोलाद आहे, साध्या भट्टीत तापतं, तेलात विझवलं की कडक होतं. चकाकतं कमी, गंजतं लवकर, पण पहिल्या चाकूला माफ करतं." पट्टीबाईंनी बिनरंगाच्या बाजूने तुकडा कापला, ब्रश घेतला आणि त्याच्याही टोकाला लाल रंग फिरवला. त्या नेहमी तसंच करतात. रंगाचं टोक सगळ्यांत शेवटी कापायचं, म्हणजे पट्टी संपेपर्यंत ती कोण आहे ते कळत राहतं.

आत्या खूश होऊन घरी आली. आणि मग तिने ते केलं, जे फक्त तीच करू शकते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही, ही तिची हॉस्पिटलची सवय. पट्टी तिने ओट्यावर ठेवली. शेजारी आतोबांच्या पिशवीतून आलेली दुसरी. दोन्हींना साबण, तारेची घासणी, गरम पाणी. गंज गेला, माती गेली, रंग गेला. दोन्ही पट्ट्या जुळ्या बहिणींसारख्या लख्ख! मग भाजी निवडणाऱ्या हाताने त्यातली जास्त चकाकणारी उचलली.

दुखऱ्या अंगठ्याने तिने रोज कामावरून येऊन कानस चालवली. आतोबांनी अंगणात विटांची छोटी भट्टी बांधली, तोंडाने कुरकुर, हाताने मदत. मुठीसाठी तिने पिठाचा घट्ट गोळा मुठीत दाबला, वाळवला आणि लाकूड तसंच्या तसं तासून घेतलं: जाड, थोडं तिरकं, अंगठा टेकायला खळगा. शेवटी पातं लालबुंद झालं, लोहचुंबक त्याला चिकटेना, म्हणजे हवं तितकं तापलं, तेव्हा आत्याने ते स्वयंपाकाच्या तेलात बुडवलं. चर्र झालं. गार झाल्यावर तिने धारेवर कानस फिरवली. कडक झालेल्या पोलादावर कानस घसरायला हवी. ती लोण्यात सुरी जावी तशी रुतली.

आत्या पायरीवर मटकन बसली. "जाऊ दे," म्हणाली, "ट्रॉली तर ट्रॉली."

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मात्र ती ते पातं घेऊन तरातरा दुकानात. "तुमचं पोलाद खोटं निघालं!"

पट्टीबाईंनी पातं उलटंपालटं केलं. "रंग कुठाय?"

"घासला. मी सगळं घासते."

"घरी आणखी कुठली पट्टी होती?"

आत्याचं तोंड एवढंसं झालं. 'होती' असं ती जेमतेम बोलली.

पट्टीबाईंना आधी हसू आलं, मग त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. तुमच्या स्वयंपाकघरात मीठ आणि पिठीसाखर कशी ओळखता?"

"डब्यावर चिठ्ठी असते."

"ती घासता?"

"हात लावू देत नाही कुणाला!"

"मग झालं तर. तुमची कानस, भट्टी, तेल, काहीच चुकलं नसेल. पण पोलाद कोण आहे हेच माहीत नसेल, तर चूक कुणाची ते कसं कळणार? ओळखीच्या पोलादावर चुकलं तर चूक आपली. आणि आपली चूक असली की बरं असतं, ती सुधारता येते." घरी राहिलेली दुसरी पट्टी लाल असणारच, असं आत्या म्हणाली. "बहुतेक," असं म्हणून पट्टीबाईंनी नवा तुकडा कापला. टोक रंगवलं.

या वेळी आत्याने त्या तुकड्याला पाणीसुद्धा लागू दिलं नाही. पुन्हा कानस, पुन्हा भट्टी. तेलातून काढून कानस टेकवली आणि ती काचेवरून घसरावी तशी घसरली. आतोबांनी अंगणातच शिट्टी मारली. ओव्हनमध्ये फिकट बिस्किटाचा रंग येईपर्यंत पातं भाजलं, म्हणजे धार टवके उडू न देता टिकते. भट्टीत टोकाचा रंग जळाला होता, तर मूठ बसवायच्या आधी तिने तिथे माझी लाल नेलपॉलिश लावली. आता ते टोक लाकडाच्या आत आहे, कुणाला दिसत नाही. तिला माहीत आहे. (बाटली मला अजून परत मिळालेली नाही.)

नवीन मुलगी आली त्या दिवशी आत्याने पिशवीतून तो चाकू काढला. तपासणीवाल्या बाईंनी मूठ नखाने खरवडून बघितली, कुठे फट नाही ना ते पाहिलं आणि मान हलवली. पहिला कांदा हळू गेला. दुसरा जरा बरा. पाचव्या-सहाव्याला तिने शेजारणीची खबर काढायला सुरुवात केली, तेव्हा दादा मसाल्याच्या फडताळाशी उगाच काहीतरी शोधत उभे होते. कोबी अजून जमत नाही, कळ येते. कोबी तिने त्या मुलीकडे सरकवला. "हा तुझा. कांदा माझा."

दादा जाता जाता म्हणाले, "ट्रॉलीला दुसरं कुणीतरी बघतो."

आणि भांडी घासणाऱ्या मावशी, ज्यांची बोटं वाकडी झालीत, त्या हात पुसत टेबलाशी आल्या. "मशीनबाई, माझ्या मुठीचाही गोळा घे ना गं."

म्हणून परवा आत्याबरोबर मीही गेले, मावशींची पट्टी आणायला. पट्टीबाईंची लेक मागे लागलीय, दुकान बंद कर म्हणून. गिऱ्हाईक फोनवर गेलंय, गुडघे जिना चढू देत नाहीत. आता फक्त दुपारी उघडतात. तुम्ही पहिलं काही बनवणार असाल, चाकू, छिन्नी, काहीही, तर बॅटरीवाल्याच्या शेजारी जा. त्या विचारतील, "कशासाठी?" खरं ते सांगा. आणि 'जाऊ कधीतरी' असं म्हणू नका हं, याच आठवड्यात जाऊन भेटा त्यांना. रंग मात्र घासू नका.