जिथून गाव शेवटचं दिसतं

मधूभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात पेढा होता. चोरून घेतलेला. साखरेच्या आजारामुळे सुनेनं डबा वरच्या फळीवर ठेवला होता आणि स्टुलावर चढून तो खाली काढायचा पराक्रम मी नुकताच केला होता. पलीकडून भाऊजींची मुलगी सुषमा म्हणाली, "मोठीआई, बाबा गेले... दुपारी झोपले ते उठलेच नाही." पेढा गिळावा की काढून टाकावा, कळेना. तो तोंडातच विरघळत राहिला आणि मी नुसती हं हं करत राहिले. भाऊजींना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, "गिळून घ्याचा ना वैनी. मी काय वापस येनार होतो?"

मधूभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. यवतमाळात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा, हार घालण्याजोगा एकही फोटो घरात सापडला नाही. शेवटी आधार कार्डावरचाच मोठा करून आणला. त्यात ते कोणाची तरी म्हैस सोडून नेताना सापडल्यासारखे दिसतात. भेटायला आलेली माणसं हात जोडता जोडता ओठ दाबत होती. मला ते बरं वाटलं. नुसत्या रडण्यात भाऊजी मावले नसते.

मी लग्न होऊन आले ती अमरावतीहून, आणि अमरावती म्हणजे विलायतेच्या शेजारचं एखादं गाव असावं अशी माझी तेव्हा समजूत होती. टाचेच्या चपला, काळा गॉगल आणि पावडरचा असा थर की सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "पोरी, पीठ सांडलं का वं?" या घरात मला पसंत पडलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे स्टुडिओतला काश्मीरचा पडदा. बर्फाचे डोंगर, निळं तळं, त्यात दोन हंस. मोठा मुलगा झाल्यावर त्याला घेऊन मी त्या पडद्यापुढे फोटो काढून घेतला, तोही भर मे महिन्यात, स्वेटर घालून. काश्मीर म्हटल्यावर थंडी नको वाजायला? फोटोत मुलगा रडतो आहे आणि माझी पावडर घामानं ओघळून गळ्यापर्यंत आली आहे.

भाऊजींना मात्र तो पडदा सलायचा. "वैनी, इथला मानूस काश्मिरात उभा राह्यते अन् घरी जाऊन फोटो भिंतीवर लावते. त्याच्या बायकोले तरी पटत असन का?" त्यांना आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या जागेचा पडदा हवा होता. म्हणून दर रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून ते अशी जागा शोधायला निघत. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रविवारची झोप प्यारी. मग सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, तू जाय संग. एकटा गेला का जेवाचं विसरते तो." मी एका पायावर तयार. भाऊजी मला सांगायचे, "त्या झाडाखाली उभ्या राहा." मला वाटे, माझं रूप पाहूनच सांगतात. मी पदर सावरून, मान तिरकी करून उभी राहत असे. पुढे फोटो धुऊन आले. झाड, आभाळ, माळ, सगळं होतं. मी कुठे आहे ते शोधायला चष्मा लागला असता. मी तणतणले तर म्हणाले, "मानूस उभं असल्याबिगर झाड केवढं ते कळत नाही ना वैनी." म्हणजे अमरावतीची ही नटी त्यांनी मापाची काठी म्हणून नेली होती.

पण जागा सापडत नव्हती. कुठल्याही गावात जाऊन विचारावं, "इकडे पाहण्यासारखं काय आहे?" तर लोक हौसेनं मंदिर दाखवत, नवी पाण्याची टाकी दाखवत, एका सरपंचानं तर स्वतःचं घर दाखवलं. मग पांढरकवड्याच्या रस्त्यावर एका दुपारी, चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या भाऊजींनी प्रश्नच बदलला. "डोक्यावरचं ओझं कुठं उतरवता?" असं ते विचारू लागले. "ढोरं आपल्या मनानं कुठं बसतात?" माणसं आधी गोंधळत, मग हसत, आणि मग जिथं नेत ती जागा कुठल्याच नकाशात नसे. सागाच्या रानातला एक खडक, बसून बसून गुळगुळीत झालेला. नदीच्या वळणावरची वाळू, पाऊल ठेवलं की ओलसर उसासा टाकणारी... पळसाचा एक माळ, जिथे फुलं गळून गळून जमीनच आभाळापेक्षा उजेडाची झाली होती. त्या वाटांवर मी बडबडत असे आणि भाऊजी ऐकत नसत. अजूनही कधी दुपारी डोळा लागला की मी त्यातल्याच कुठल्या तरी वाटेवर असते. टाचेच्या चपला हातात, पाय गरम धुळीत, आणि पुढे पांढऱ्या सदऱ्यातली एक पाठ.

एका हिवाळ्यात आम्ही सकाळच्या एसटीनं फुलसावंगीकडे गेलो. तिथून बऱ्याच आत बंजाऱ्यांचा एक तांडा होता. कापूस फुटला होता, वेचणी चालली होती. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक म्हातारी बसली होती. सगळा तांडा तिला याडी म्हणे, त्यांच्या बोलीत आई. भाऊजी तिच्यापुढे उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं, "याडी, तांड्यातल्या पोरी सासरी जातानी शेवटी कुठं थांबतात?"

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुले कायले पाह्यजे रे ते?"

"फोटो काढाचा आहे."

"रडन्याच्या जागेचा?"

ओटीतला कापूस तिनं गाठोड्यात रिकामा केला, उठली आणि चालू लागली. टेकडीच्या माथ्यावर एक वाट वळत होती, तिथे ती थांबली. "इथून तांडा दिसते. पुढं पाऊल टाकलं का दिसत नाही. पोरगी इथं पलटते. माय तिकडं खाली उभी राह्यते, त्या मोहाच्या झाडापाशी." आम्ही वळून पाहिलं. खाली मूठभर घरं, चुलींचा धूर झाडांच्या कमरेएवढा, त्यापलीकडे ताटलीएवढं तळं आणि डोंगरांवर डोंगर, मागचा पुढच्याहून फिकट, शेवटचा आहे की नाही याची खात्री नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले. तितक्यात भाऊजी म्हणाले, "वैनी, खाली मोहापाशी जा ना." मी गेले. अंगावर हिरवी रेशमी साडी होती. फोटोत ती हिरवी मोहरी झाली.

त्या फोटोवरून दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरनं पडदा केला. इमानी माणूस. त्यानं मोहाखालची मोहरीसुद्धा सोडली नाही. भाऊजींनी तो काश्मीरशेजारी टांगला आणि गिऱ्हाइकांची वाट पाहू लागले. एक जण उभा राहील तर शपथ. "आमच्याच ढोरवाटेपुढं पैसे देऊन कायले उभं राहू?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "मधूभाऊ, यात हंस नाही का?" नवरदेव, नवऱ्या, बारशाची बाळं, सगळी काश्मिरात. भाऊजी हसून पडदा बदलत. पण दुकान बंद करताना ते त्या टेकडीपुढे जरा जास्तच वेळ उभे राहत. एकदा मला म्हणाले, "एकानं, फक्त एकानं जरी म्हटलं ना वैनी, का माह्या मागं हे असू द्या..."

पुढे वर्षं गेली. एकदा काश्मीर धुवायला काढलेलं होतं म्हणून भिंतीवर एकटी टेकडीच होती. मी भाऊजींचा चहा घेऊन गेले होते. एक बाई आली. चाळिशीची असेल, बँकेच्या पुस्तकासाठी फोटो हवा होता. स्टुलावर बसायला म्हणून वळली आणि तशीच राहिली.

"हा तं आमचा तांडा आहे," ती म्हणाली. मग पडद्याजवळ गेली, बोट न लावता दाखवलं. "अन् हे माझी याडी उभी आहे. गेली ते मागच्या साली."

आता ती हिरवी मोहरी कोण, हे साऱ्या जगात मला ठाऊक. तोंड उघडलंच होतं. भाऊजी मागे न पाहता म्हणाले, "वैनी, बाईले पानी आना." मी पाणी घेऊन परत आले तोवर ती पडद्याकडे तोंड करून, कॅमेऱ्याला पाठ दाखवून उभी होती.

"भाऊ, असाच काढ एक."

"तोंड दिसनार नाही, बाई."

"तिले दिसून राह्यलं ना."

भाऊजींनी काढला. बँकेचा वेगळा काढला. ती गेल्यावर चहा पार निवला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला. "झालं वैनी," म्हणाले, "पडदा वसूल." त्यानंतर त्यांनी कोणाला तो पडदा सुचवला नाही. आणि मी? नटी व्हायला आले होते, तर कोणाची तरी माय म्हणून उभी राहिले. तीसुद्धा माझ्याहून म्हातारी माय. दुसऱ्या दिवशी मी पावडर जरा कमीच लावली.

अलीकडे लग्नाआधीचे फोटो काढणारी मुलं त्यांच्याकडे येत. "काका, अशी जागा सांगा जिथं कोणी गेलं नसन." भाऊजी म्हणत, "जिथं कोणी गेलं नाही तिथं जाऊन काय करता? जिथून कोणी गेलं तिथं जा." मुलांना कळत नसे. ती मोबाइलमध्ये धबधबे शोधत निघून जात.

गेल्या थंडीत सुषमाच्या गाडीनं आम्ही दोघं त्या टेकडीवर गेलो. खाली आता स्लॅबची घरं, मोबाइलचा टॉवर. मोह होता. कॅमेरा आणलाच नव्हता त्यांनी. जरा वेळानं म्हणाले, "वैनी, खाली जाऊन उभ्या राहा ना."

"गुडघे तुमचे देता का?"

"मंग मीच जातो."

सुषमा नको नको म्हणत होती. ते काठी टेकत उतरले. मी वरून पाहत राहिले. पांढरा सदरा लहान होत गेला, तांदळाएवढा झाला, आणि मोहाखाली जाऊन थांबला. डोंगर केवढे आहेत ते मला तेव्हा कळलं. त्यांनी हात वर केला. मीही केला. मग धूर मध्ये आला...

आता स्टुडिओची खोली भाड्यानं द्यायची आहे. काश्मीरचा पडदा एक लग्नमंडपवाला जुन्या फॅशनचा म्हणून हौसेनं घेऊन गेला. टेकडी भिंतीवरच आहे. दुपारी खोली दाखवायला मीच जाते, सुनेला सांगते की पायांना व्यायाम होतो. परवा मोबाइलचं दुकान टाकणारा एक माणूस आला. भिंती ठोकून पाहिल्या, बटणं दाबून पाहिली आणि पडद्यापुढे थबकला. "हे कुठलं आहे आजी?"

मी सांगितलं नाही. विचारलं, "तुमचं गाव कोणतं? निघताना शेवटचं कुठून दिसतं?"

तो आधी हसला. मग स्टुलावर बसला आणि सांगू लागला. ओढ्यावर एक पुलिया होती, छोटासा पूल, चिंचेची दोन झाडं, पलीकडे आजोबांचं वावर... सांगता सांगता तो पडद्याकडे पाहत होता आणि त्याला तिथं दुसरंच काही दिसत होतं. उन्हं भिंतीवरून उतरून फरशीवर आली. गेला तेव्हा भाडं किती, हे विचारायचं तो विसरून गेला होता. मीही सांगितलं नाही.