चुलीवर टांगलेले पाकीट

“शिमग्याला पोचेल म्हणतो! पाकीट आहे की माहेरवाशीण?”

पलीकडच्या खोलीत हवालदार हे बोलले आणि दोघे-तिघे हसले. मी अलीकडे स्टेशन डायरीत नोंद करत होते. मध्ये फक्त एक पडदा होता. मी फारशी बोलत नसे, त्यामुळे मी ठाण्यात आहे हे लोक बऱ्याचदा विसरत. त्या हसण्यापासून सुरू झालेली दोन दिवसांची चौकशी, वीस वर्षांच्या नोकरीनंतर स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी, माझ्या मनातून गेलेली नाही.

दोन हजारनंतरची ती वर्षे. मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. मी नवी उपनिरीक्षक. शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेले. मराठी लिहायला खऱ्या अर्थाने शिकले ती प्रशिक्षणात, पंचनामे लिहून लिहून. बोलताना वाक्य आधी मनात जुळवावे लागे आणि ते जुळेपर्यंत समोरच्याने विषय बदललेला असे. साहेब रोज हजेरीनंतर विचारत, “मॅडम, तुमचं काही?” मी रोज म्हणे, “नाही सर.” पुढे पुढे तर मी तोंड उघडायच्या आत हवालदारच ते म्हणून टाकत.

हवालदार हसत होते तो माणूस सूर्यमाळकडच्या एका पाड्याचा टपालवाला. पन्नाशीचा, खाकी सदरा, पायांत टायरच्या चपला. डोंगरावरचे पाडे पायी करून तो टपाल वाटायचा. त्याच्याविरुद्ध तक्रार अर्ज होता. अर्जदार त्याच्याच फेरीतल्या, आणखी वरच्या पाड्यावर वाढलेला तरुण, आता जव्हारला एका सरकारी कार्यालयात कारकून. त्याने सायबर कॅफेतून, इंटरनेटवरच्या एका बाजारातून, वडिलांसाठी रेडिओ मागवला होता. हँडल फिरवून चालणारा, सेल न लागणारा. विक्रेता कुठल्या तरी दूरच्या शहरातला. तीन दिवसांत रवाना होईल असे लिहिले होते. त्याला पाच आठवडे लागले. पुढे वेबसाइटवर ‘पोहोचले’ असे दिसू लागले, पण वडिलांना पाकीट मिळालेच नाही. टपालवाल्याने ते हडप केले, असे अर्जात लिहिले होते.

प्रकरण दोन तासांत सुटल्यासारखे वाटले. टपालवाल्याने विचारताच सांगितले, “पाकीट माझ्या घरी हाय.” हवालदार गेले आणि पंचांसमक्ष पाकीट ताब्यात घेऊन आले. त्याच्या घरात चुलीच्या वर, नागलीच्या बियाण्याच्या टोपलीशेजारी ते सुतळीने टांगलेले होते. पोचपावतीवर अर्जदाराच्या वडिलांच्या नावापुढे अंगठा होता. भिंगातून पाहिले तर अंगठ्यावर आडवी पांढरी रेघ. टपालवाल्याच्या उजव्या अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण होती.

“अंगठा कोणाचा?” साहेबांनी विचारले.

“माझाच, साहेब.”

“पाकीट का ठेवलंस?”

त्याने समोर बसलेल्या अर्जदाराकडे एकदा पाहिले.

“विकणार होतास?”

“नाय साहेब. शिमग्याला पोचेल.”

“आणि तोवर काय धुरी देत होतास?” हवालदार म्हणाले. पुन्हा सगळे हसले. तो मात्र खाली बघत राहिला.

साहेबांनी अर्जचौकशी माझ्याकडे दिली, कारण आता त्यात करण्यासारखे काही उरले नव्हते. मुद्देमाल मिळाला होता, कबुली होती, खोटा अंगठा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुन्हा दाखल करायचा ठरला. टपाल खात्याचे पत्र आधीच आलेले होते. पोलिसांचा अहवाल जाताच त्याला कामावरून दूर करणार होते. अठरा वर्षे तो ते काम करत होता. मी लिहायला बसले आणि पहिल्या परिच्छेदाच्या पुढे पेन सरकेना. तीनदा कागद बदलला. उठून पाणी प्यायले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

पाकिटाचे सील शाबूत होते. महिनाभर घरात ठेवलेली चोरीची वस्तू माणूस उघडूनही बघत नाही? आणि ज्याला खोटा अंगठा द्यायचा आहे तो आपलाच, तोही खूण असलेला अंगठा देतो?

सकाळी मी अर्जदाराला पुन्हा बोलावून घेतले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेने. टपालवाला बाहेर बाकाजवळ उकिडवा बसला होता, त्याच्याकडे न बघता तो आत आला. पाकीट टेबलावर होते. तीन महिने ज्याची वाट पाहिली त्या वस्तूला माणूस निदान हात तरी लावतो. त्याने लावला नाही.

“तुमच्या वडिलांचा अंगठा लागेल,” मी म्हटले. “तुलनेसाठी.”

“त्यांना कशाला, मॅडम? म्हातारा माणूस. मी सही करतो ना.”

“घरीच असतात?”

“घरीच. आता कुठे जाणार? मी नोकरीला लागल्यापासून त्यांना काही करू देत नाही.”

हे त्याने फार लगबगीने सांगितले. मी आणखी काही विचारीन म्हणून तो थांबला. माझे वाक्य जुळले नाही, म्हणून मी नुसती बसले. तेवढ्यात त्याने रुमालाने दोनदा मान पुसली. जानेवारीतली सकाळ होती, डोंगरावरून गार वारा येत होता.

तो गेल्यावर मी अर्जाला टाचलेले कागद काढले. विक्रेत्याशी झालेल्या ईमेलच्या प्रती, सगळ्या इंग्रजीत. ठाण्यात कोणी त्या वाचल्या नव्हत्या. ‘पत्रव्यवहाराच्या प्रती, पाने नऊ’ एवढीच नोंद होती. इंग्रजी मोडके होते, पण अर्थ स्वच्छ होता. पहिल्या पत्रात विचारणा. दुसऱ्यात विनंती. चौथ्यात लिहिले होते की, साहेब, देवदिवाळी झाली की मुकादमाची गाडी येईल, रेडिओ आला तर वडील थांबतील, मी त्यांना तसे सांगून ठेवले आहे. प्रत्येक पत्राला एकच उत्तर होते, आपली ऑर्डर प्रक्रियेत आहे. सातव्यात त्याने लिहिले होते की आता गरज नाही, ऑर्डर रद्द करा. त्यावर विक्रेत्याने आनंदाने कळवले होते की माल आजच रवाना झाला.

पाड्यावरच्या घरातली जी गोष्ट त्याने जव्हारच्या कार्यालयात कोणाला सांगितली नव्हती, आम्हालाही सांगितली नाही, ती त्याने कधी न पाहिलेल्या एका दुकानदाराला लिहिली होती.

मी हवालदारांना म्हटले, “जीप काढा.”

“कुठं, मॅडम?”

“सूर्यमाळ.”

“मुद्देमाल तर मिळाला.”

मी टोपी घेऊन बाहेर पडले. जीप गेली तिथवर गेलो, पुढे पाऊण तास चढ. हवालदार मागून कुरकुरत होते. “एका रेडिओपायी डोंगर चढायला लावला बुवा.” पाड्यावर पोचल्यावर मात्र त्यांची कुरकुर थांबली. बारा-तेरा घरे. कोंबडी नाही, धूर नाही. ज्या घराचा पत्ता पाकिटावर होता, त्याच्या दाराला कडी आणि कडीत बोरीची काटेरी फांदी अडकवलेली. अंगणातले शेण वाळून भेगाळले होते. एका ओटीवर एक म्हातारी वाल सोलत बसली होती.

“सगळे कुठे गेले, आजी?”

“भट्टीवं गेली. विटांच्या. भिवंडीकडं.” तिने माझ्या टोपीकडे पाहिले. “तू पोलीस हायस? बाई हायस ना?”

“समोरच्या घरचे बाबाही गेले?”

“गेला ना. पोरगा सांगून गेला व्हता, औंदा जाऊ नको, तुला रेडू धाडतो. म्हातारा आठ दिस उंबऱ्यावं बसला. टपालवाला दिसला का इचारी, आला का माझा रेडू? मंग गाडी आली. सगळी चढली. यो एकला हितं राहून काय करील? बोलाया माणूस नाय. चढला.”

“आणि पाकीट?”

“बारा दिसांनी आलं.” ती हसली. “टपालवाला त्या उंबऱ्यावं बसला, लय वेळ. मी म्हनलं, आता काय करशील? म्हने, परत धाडायचा कायदा हाय. म्हनलं, मंग धाड. तर म्हने, कागदावं लिहावं लागतं, मानूस घर सोडून गेला. त्या पोराच्या नोकरीची ऑर्डर मीच आनली, पावसात, एका दिसात. त्याच्या बापाचं असं मी कसं लिवू?”

आम्ही उतरलो. वाटेत हवालदार एकदाच बोलले. “माझीही आई जायची भट्टीवर, मॅडम. वाडा तालुक्यात.”

ठाण्यात परतल्यावर मी टपालवाल्याला एकट्याला आत घेतले. काही विचारले नाही. समोर बसले. बऱ्याच वेळाने तो आपणच म्हणाला, “बाई, वरल्या पाड्याचं टपाल देवदिवाळीपासून शिमग्यापत्तर माझ्या घरीच ऱ्हातं. सगळ्यांचं. वाळवी लागंल म्हून चुलीवं टांगतो. शिमग्याला लोकं आली का ज्याचं त्याला देतो. आजवर कोनी काय म्हनलं नाय.”

“मग काल हे का नाही सांगितलं?”

“तो पोरगा समोर बसला व्हता ना.”

माझा अहवाल तयार होता आणि नव्हताही. बाप घरी नसताना ‘पोहोचले’ दिसले म्हणून कारकुनाला चोरी वाटली, पण बाप घरी नाही हे त्याला कबूल करायचे नव्हते. म्हातारीचा जबाब घेऊन भागले असते. पण म्हातारीच्या जबाबाने अर्जदार खोटा ठरला असता, तोही, सरकारी नोकर म्हणून, त्याच्या कार्यालयात प्रत जाऊन. आणि त्याच्या तोंडून काही आले नाही, तर खोट्या अंगठ्यावर टपालवाला जाणार होता. या दोघांतल्या एकाला तरी मी माझ्या हाताने बुडवणार होते. साहेब पाचला येणार होते. मी साडेतीनपासून घड्याळ बघत होते.

पुढे काय झाले ते आधीच सांगून टाकते. अर्जदाराने नवा जबाब दिला. पाकीट घरीच ठेवले ते योग्य होते, आपली तक्रार नाही, असे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले. खोट्या अंगठ्याबद्दल टपाल खात्याने टपालवाल्याला लेखी समज दिली आणि कामावर ठेवले. पाकीट कारकुनाने सोबत नेले नाही. तो म्हणाला, ते टपालवाल्या काकांच्या हातूनच पोचू दे. शिमग्यानंतर मी त्या बाजूला बंदोबस्ताला गेले, तेव्हा त्या उंबऱ्यावर रेडिओ वाजत होता. म्हातारा हँडल फिरवत होता आणि शेजारी चौघे ऐकत होते.

वस्तू सापडली की चौकशी संपली, ही आमच्या खात्याची सवय. त्या प्रकरणानंतर मी ती मोडली. मुद्देमाल मिळाल्यावरही एक प्रश्न विचारायचा, की ही वस्तू ज्याची, तो माणूस कुठे आहे? पुढे हरवलेल्या मुलींच्या, सोडून दिलेल्या म्हाताऱ्यांच्या कितीतरी प्रकरणांत या प्रश्नाने मला वाट दाखवली. आणखी एक कळले. गप्प राहण्याचा चौकशीत उपयोग होतो, पण तो एका हद्दीपर्यंत. त्या हद्दीला माझे गप्प राहणे आणि त्या कारकुनाचे खोटे बोलणे यांत फारसा फरक उरत नव्हता.

पाच वाजता साहेब आले. टेबलाच्या एका बाजूला कारकून, दाराशी टपालवाला, मध्ये पाकीट. साहेबांनी कारकुनाला विचारले, “वडिलांना आणलं नाहीत?”

“बरं नाही त्यांना. घरी झोपून आहेत.”

साहेबांनी गुन्ह्याचा कागद पुढे ओढला, पेनाचे टोपण काढले आणि सवयीने म्हणाले, “मॅडम, तुमचं काही?”

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. या वेळी माझ्या वतीने ते ‘नाही’ म्हणाले नाहीत. माझे वाक्य अजून जुळलेले नव्हते. तसेच, अर्धवट, मी कारकुनाकडे वळून बोलले. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

“माझे वडील पोलीस जीपवर ड्रायव्हर होते. शाळेत मी दहा वर्षं सगळ्यांना सांगत होते, ते ऑफिसर आहेत म्हणून. ते गॅदरिंगला आले की मी दुसरीकडे बघायचे. मी आज तुमच्या घरी जाऊन आले. दाराला बोरीची फांदी आहे. बाबा कुठे आहेत ते मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.”