फायर स्टेशनचे हक्काचे जखमी

मी न्युरेम्बर्गला ऑफिसात होते तेव्हा ईशाचा फोन आला. "आई, आजोबा गेले. चहा पिऊन खिडकीजवळ बसले होते... तिथेच. त्रास नाही झाला त्यांना. तू घाई करू नकोस, नीट ये." परतीच्या ट्रेनमध्ये मी खूप रडले. पण रडतानाच लक्षात आलं, इतकं सगळं ही मुलगी मराठीत बोलली! माझे सासरे, आमचे बाबा, इथे जर्मनीत आले तेव्हा ईशाला मराठी समजायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं.

बाबा अमरावतीकडचे. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना आमच्याकडे घेऊन आलो. हजार माणसांशी बोलण्यात हयात गेलेला माणूस, आणि आमचं गाव असं की शेजारी कुंपणावरून 'मॉर्गन', म्हणजे शुभ सकाळ, एवढंच म्हणतो आणि आत जातो. बाबा तक्रार करायचे नाहीत. फक्त हळूहळू गप्प होत गेले. ते गप्प होणं मला फार लागायचं.

त्याच सुमारास ईशाने गावच्या युगेंडफॉयरवेअरमध्ये नाव घातलं. इथल्या गावांत आग विझवायला पगारी माणसं नसतात. शिक्षक, सुतार, शेतकरी, गावचेच लोक सायरन वाजला की धावतात. शाळकरी मुलांना त्यासाठी आधीपासून तयार करतात, ही तिची तुकडी. दर शुक्रवारी संध्याकाळी सराव. आम्ही दोघं उशिरा घरी येणार, म्हणून बाबा तिला सोडायला जायचे आणि सराव संपेपर्यंत फायर स्टेशनच्या बाकावर बसून राहायचे. मुलं होजपाइप गुंडाळायची, शिड्या लावायची, बाबा टक लावून बघायचे. मुलांना शिकवणारी आंगेलिका पेशाने सुतार, बोलण्यात एकदम सडेतोड. एका शुक्रवारी तिने ईशाला म्हटलं, तुझ्या ओपांना, म्हणजे आजोबांना, विचार, आम्हाला प्रथमोपचाराच्या सरावासाठी जखमी माणूस हवाय. ईशाने लाजत कसंबसं विचारलं. बाबा उठलेच. "होतो ना! बसून बसून आंबून गेलो मी."

त्या दिवसापासून बाबा तुकडीचे हक्काचे जखमी झाले. कधी झाडावरून पडलेले, कधी धुरात घुसमटलेले. हाताला बँडेज बांधायचं ठरलं असलं तरी हे पाय धरून "आरे बाप्पा!" करत विव्हळायचे, आणि मुलं हसून लोळायची. एकदा स्ट्रेचरला पट्ट्यांनी नीट बांधून मुलं कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खायला पळाली. बाबा तसेच पडून. आंगेलिका धावत आली, तर हे म्हणाले, "केक इकडेच पाठवा." ते तिला मराठीतच सांगितलं होतं, तरी केक आला.

पण मला खरी आठवते ती ईशाने पहिल्यांदा या जखमीला सांभाळलं ती संध्याकाळ. त्या दिवशी मी लवकर सुटून तिथे पोचले होते. जखमीशी सतत बोलत राहायचं, हा आंगेलिकाचा नियम. ईशा गुडघ्यावर बसून भराभर जर्मनमध्ये बोलत होती आणि बाबा डोळे मिटून ढिम्म. आंगेलिका म्हणाली, "गेनाऊ, बरोब्बर हेच चुकतंय. त्यांना कळेल अशा भाषेत बोल." सगळ्या मित्रमैत्रिणींसमोर ईशाचे कान लाल झाले. मग पुटपुटली, "आजोबा... मी ईशा. घाबरू नका." बाबांनी एक डोळा उघडला. "जोरात बोल वं. जखमीले ऐकू नाई येऊन राह्यलं." घरी आल्यावर मी विचारलं, बाबा, तुम्हाला आता तेवढं जर्मन समजतं ना? ते गालात हसले. "समजते थोडंथोडं. तू सांगू नको तिले."

मी नाही सांगितलं. दर शुक्रवारी ईशा त्यांच्याशी मराठीत बोलत राहिली, आणि मग इतर दिवशीही.

पुढे एका रविवारी दुपारी बाबा बागेत पानं गोळा करत होते. मी चहा घेऊन बाहेर आले तर ते कोसळलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द जड. मी आत पळाले आणि पाणी घेऊन आले. ईशाने माझा हात अडवला. "आई, पाणी नको देऊस! एकशे बाराला फोन कर, स्ट्रोक वाटतोय म्हणून सांग." मी फोन केला, तोवर तिने त्यांच्या पाठीला उशांचा टेकू दिला आणि बोलत राहिली. "आजोबा, मी ईशा. इथेच आहे मी. गाडी निघालीय. माझा हात दाबा... हां, दाबला तुम्ही, कळलं मला." एरवी एवढी चुळबुळी मुलगी, आवाज जरासुद्धा हलला नाही तिचा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती एक क्षणही थांबली नाही. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले.

बाबा वाचले. डावा पाय तेवढा ओढत चालायचे. काठी टेकत पुन्हा स्टेशनवर गेले तेव्हा आंगेलिकाने त्यांना मिठी मारली, तर म्हणाले, "ईशा, सांग हिले, आता ॲक्टिंगची गरज नाही." त्यानंतरची वर्षं आम्हाला जास्तीची मिळाली, आणि ती मजेत गेली.

निरोपाच्या दिवशी आम्ही घरच्यांनी बुद्धवंदना म्हटली. मागे गणवेशातली सगळी पोरं हात बांधून उभी होती. कुणाला एक शब्द कळत नव्हता, पण शेवटपर्यंत कुणी हललं नाही.

परवा शुक्रवारी ईशाला आणायला गेले. आता तीच धाकट्यांना शिकवते. दार उघडलं तर जमिनीवर एक सोनेरी वेण्यांची, यंदाच दाखल झालेली मुलगी पोट धरून गडागडा लोळत होती आणि जीव तोडून ओरडत होती, "आरे बाप्पा! मेलो ना मी! मेलो!"

मी आंगेलिकाकडे बघितलं. तिने खांदे उडवले.

"आमच्याकडे जखमी असेच ओरडतात," ती म्हणाली.