सोमवारी अकरा वाजता समुद्र

मी तेव्हा जेमतेम साठीची होते. वय अल्लड, आणि स्वतःच्या हुशारीवर भलता विश्वास. पीथमपूरच्या एका कारखान्यात प्लॅनिंगमध्ये उमर घालवून देवासला लेकाकडे राहायला आले आणि महिन्याभरात सुनेच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर घालून बसले. मग सुनेनंच घाईघाईनं मला काम शोधून दिलं. कोकणात समुद्राचा अभ्यास करणारी एक छोटी संस्था होती. तिला प्रकल्पांची आखणी करणारं, अनुदानाचे अर्ज नि अहवाल लिहिणारं माणूस हवं होतं. घरबसल्या, कॉम्प्युटरवर. समुद्र मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलेला, तोही नवी नवरी असताना, पदर सावरत. पण कागद तो कागद, त्याला काय समुद्र नि काय जमीन, असं माझं ठाम मत.

पहिलाच प्रकल्प खडकाळ किनाऱ्यावरच्या जिवांचा. ओहोटीला खडक उघडे पडले की तिथं एक चौकट ठेवायची आणि तिच्यात किती शिंपले, किती खेकडे, कुठलं शेवाळ, ते टिपायचं. टिपणारी संशोधक तिथलीच, पंचविशीतली मुलगी. तिची शिष्यवृत्ती याच अनुदानातून. सहा महिन्यांच्या आढाव्यात काम पसंत पडलं तरच दुसरं वर्ष, नाहीतर तिचा अभ्यास अर्ध्यावर. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर मी तिच्यासाठी असं वेळापत्रक केलं की बघत राहावं. दर सोमवारी सकाळी अकरा वाजता नोंदी. रंगीत रकाने. ती चाचरत म्हणाली, काकू, भरती-ओहोटीचं कोष्टक पाठवलंय, एकदा बघाल का. मी तिला शिस्तीवर दहा मिनिटं ऐकवलं. आमची शिफ्टची बस कुणासाठी थांबत नसे, हेही सांगितलं. कोष्टक उघडलंच नाही, आणि माझं वेळापत्रक अनुदान देणाऱ्यांकडून मंजूर करून घेतलं.

पहिला सोमवार झकास गेला. दुसऱ्या सोमवारी अकरा वाजून दोन मिनिटांनी फोटो आला. पोरगी रस्त्याच्या कडेला उभी, हातात चौकट, पायाशी पाणीच पाणी. खाली लिहिलेलं, "काकू, मी वेळेवर आलेय. किनारा आलेला नाही."

यावर मी तिला काय लिहावं? पुढच्या खेपेपासून जरा लवकर निघत जा. आज आठवलं की स्वतःलाच टपली मारावीशी वाटते. असे तीन महिने गेले, एक सोमवार कोरडा, एक बुडालेला. मंजूर कागदावर अकरा होते, म्हणून तिला वेळ बदलता येईना, आणि कागद माझा, म्हणून मी बदलेना.

मग वडिलांच्या श्राद्धाला धारला गेले. थोरला भाऊ तिथल्या देवळातली पूजाअर्चा बघतो. पानावर बसल्या बसल्या मी समुद्राच्या बेशिस्तीचं गाऱ्हाणं मांडलं. दादा भात कालवत म्हणाला, "अगं, गेल्या साली हे श्राद्ध कुठल्या वारी होतं?"

मला आठवेना.

"वडील तिथीनं येतात, ते तुला चालतं. समुद्रानं तेवढं तुझ्या सोमवारी यायचं?"

वहिनी पदरात तोंड लपवून हसली. मी खीर संपवली, दादाचं पंचांग मांडीवर घेतलं आणि ते न उघडलेलं कोष्टक मोबाइलवर उघडलं. अष्टमीच्या आसपास अकरा-बाराला ओहोटी, पुनवेला नि अवसेला त्याच वेळी भरती, ओहोटी तेव्हा पहाटेच. पंधरवड्यामागून पंधरवडा, इमानेइतबारे. इतका वक्तशीर इसम आमच्या अख्ख्या कारखान्यात नव्हता. संकष्टीला जन्मभर गच्चीवर चंद्राची वाट बघणाऱ्या बाईला हे कळू नये, म्हणजे कमालच. तिथूनच पोरीला फोन लावला, म्हटलं, तू वेळा सांग, मी लिहून घेते. तिनं पुढच्या तीन महिन्यांच्या वेळा एका दमात सांगितल्या.

नवं वेळापत्रक मंजूर झालं, पण बुडालेले सोमवार कागदावर राहिलेच. आढाव्याच्या दिवशी अनुदान देणाऱ्यांच्या बड्या साहेबांनी पडद्यावरून नेमकं त्यांच्यावर बोट ठेवलं. "मॅडम, समंदर छुट्टी पर था क्या?"

खराब हवामानाची सबब मी लिहून तयार ठेवली होती. पण पडद्याच्या कोपऱ्यात ती मुलगी मान खाली घालून बसलेली दिसली.

"नहीं सर, वो तो ड्यूटी पर था. टाइमटेबल मैंने गलत बनाया. लड़की हर बार पहुँची है." आणि मी एकेक फोटो दाखवत गेले. चौकट तीच, पोरगी तीच, पाणी तेवढं दर वेळी निराळं. चौथ्या फोटोला साहेब हसले. पुढच्या फोटोंना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

आठवड्यानं पत्र आलं. दुसरं वर्ष मंजूर, शिष्यवृत्तीसकट. शेवटी एक अट होती, की वेळापत्रक करणाऱ्या बाईंनी एकदा तरी नोंदींच्या वेळी जातीनं किनाऱ्यावर हजर राहावं. मी लगेच होकार कळवला, आणि कधी येऊ ते त्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, पुनवेला या, पहाटे पाचला, आणि उशीर करू नका, काकू.