देवघरातलं कार्ड

एटीएमच्या यंत्रापुढे हात जोडणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे, आणि त्याच्या मागे रांगेत उभा राहून ओशाळलोही आहे. चपला दाराबाहेर काढायच्या, आत जायचं, पडद्याला बोटं लावून ती कपाळाला टेकवायची आणि मगच कार्ड आत सरकवायचं. मागून कोणी हसलं तर वळून शांतपणे म्हणायचं, "ज्याच्यावर पोट चालते, त्याले हात जोडाव."

हे आमच्या कॉलेजातले प्रयोगशाळा परिचर. सगळे त्यांना भाऊ म्हणत, तेव्हा मीही इथे भाऊच म्हणतो. कॉलेज अकोल्यात आणि आम्ही दोघे अमरावतीचे, त्यातून एकाच गल्लीतले. बडनेऱ्याहून रोज एकच गाडी, शेजारी शेजारी बसणं, आणि मूर्तिजापूर आलं की डबा उघडायचा की नाही यावर रोजचा वाद. मी भौतिकशास्त्र शिकवीत असे आणि भाऊ त्याची कपाटं सांभाळत.

हात जोडायला त्यांना काहीही चालायचं. गाडीची पायरी, पास, डब्याचं झाकण. पगाराच्या दिवशी ते कॉलेजच्या लेखापालालाही लांबूनच हात जोडत. लेखापाल लाजायचा, पण त्या दिवशी भाऊंना यायला उशीर झाला तर दाराकडे बघत बसायचा.

खंडेनवमीला आमची प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात असे. उपकरणं पुसून टेबलावर मांडायची, झेंडूची फुलं, नारळ, हळदकुंकू. एका वर्षी पुण्याकडचे एक प्राध्यापक नवीन रुजू झाले होते. ते दारात थबकले आणि म्हणाले, "ही प्रयोगशाळा आहे की देऊळ?"

भाऊ म्हणाले, "दोन्हीले कुलूप लावून ठेवा लागते, सर."

पण त्यांच्या पूजेला शिस्त होती. कुंकू लावायचं ते उपकरणाच्या लाकडी पेटीला. पितळी स्क्रूला किंवा तारेच्या टोकाला त्याचा कणही लागू देत नसत. एकदा एका मुलीनं हौसेनं तिथं बोट टेकवलं, तर त्यांनी तिचा हात वरच्या वर धरला. "बाई, तिथून करंट जाते. तिथं पूजा नाई कराची."

घरची खंडेनवमी वहिनींकडे होती. भाऊंची बायको म्हणजे बुटकी, गोल चेहऱ्याची बाई. तिचं हसू गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं. विळी, कात्री, शिलाई मशीन, स्कूटरची किल्ली, सगळ्यांना त्या कुंकू लावत, आणि त्यांच्याबरोबर बँकेचं कार्डही पाटावर बसे. मुलीनं भाऊंना फोनवरून पैसे द्यायला शिकवलं तेव्हापासून त्यांचं एटीएमला जाणं सुटलं होतं. जुनं कार्ड बाद होऊन चिपच्या सोनेरी चौकोनाचं नवं आलं. भाऊंनी ते एकदा यंत्रात घालून पाहिलं, चाललं, हात जोडले, आणि ते थेट देवघरात गेलं. तिथं दरवर्षी त्याच्यावर कुंकवाचं बोट चढे. वहिनी नेहमी त्या सोनेरी चौकोनावरच लावत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मंग कुठं लावू? हे त्याचं कपाळच नाई काय?"

वहिनींना पशुपतिनाथाला जायचं होतं. फार वर्षांची इच्छा. "लगीन झाल्यापासून यायनं मले एका जागी नेलं," त्या सांगत, "चिखलदऱ्याले. तिथं धुकं होतं. मले यायच्याशिवाय काही दिसलं नाई." भाऊ यावर मान खाली घालून चहा पीत. निवृत्तीला थोडी वर्षं उरली तेव्हा त्यांनी एकदाचं मनावर घेतलं. आमच्याच भागातला एक टूरवाला होता. स्वतःचा आचारी, ठेच्याची बरणी आणि पिठाचं पोतं घेऊन तो माणसं नेपाळला नेई. बडनेऱ्याहून गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बस.

तेव्हा आपली शंभराच्या वरची नोट तिकडे चालत नव्हती. आपला फोनही पैशांसाठी तिकडे निकामी. म्हणून बरोबरच्या मंडळींनी शंभराच्या गड्ड्या जमवल्या. बायकांनी त्यांच्यासाठी कापडी पट्टे शिवले आणि माणसं पोटं वाढल्यासारखी दिसू लागली. भाऊ हसत सुटले. "मी नाई बापा असा कोंबून फिरत. आपल्यापाशी कार्ड आहे." ते परदेशात चालावं म्हणून त्यांनी बँकेत जाऊन तशी सोयही करून घेतली होती. साहेबानं सांगितलं, झालं काका, आता बिनधास्त जा.

निघायच्या दिवशी मी त्यांच्याकडे चहाला होतो. वहिनींनी देवघरातून कार्ड काढलं, पाटावर ठेवलं आणि निरांजनानं ओवाळलं. मग हळद कालवून, तेलाचा थेंब टाकून, त्या चौकोनावर ताजं भरगच्च कुंकू लावलं. "ते बी पहिल्यांदाच देशाबाहेर जाऊन राहिलं," त्या म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो. भाऊ मात्र कार्डाकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. वहिनींनी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या खिशात ठेवलं आणि खिशावर थोपटलं.

पशुपतिनाथ झालं. वहिनींना दर्शन नीट मिळालं, धुकं नव्हतं. हे मला पुढं टूरमधल्या लोकांनी सांगितलं आणि मी ते जपून ठेवलं आहे.

त्यानंतर पोखऱ्याला मुक्काम होता. सकाळी वहिनींना जरा बरं वाटेना, म्हणून ही दोघं लॉजवर थांबली आणि बाकीची बस देवीच्या डोंगरावर गेली, संध्याकाळी परतायच्या बोलीनं. दहा-अकराच्या सुमारास वहिनींच्या छातीत कळ आली. लॉजवाला भला माणूस. त्यानं गाडी केली आणि जवळच्या खासगी दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरांनी तपासलं, सलाइन लावलं, आणि सांगितलं की हृदयाची नळी तातडीनं उघडावी लागेल, आधी पैसे भरा. त्यांना दोष देऊन काय करता? आपल्याकडेही हेच सांगतात. लॉजवाल्यानं गल्ल्यात होतं ते दिलं, ते पुरणारं नव्हतं. डोंगरावर गेलेल्या कोणाचाच फोन लागत नव्हता.

दुपारी मला लॉजवाल्याच्या फोनवरून भाऊंचा फोन आला. "सर, मशीन कार्ड घेऊन नाई राहिली."

मी स्कूटर काढून बँकेत गेलो. साहेबानं संगणकात पाहिलं, मलाही पडदा फिरवून दाखवला. पैसे आहेत, परदेशातला वापर चालू आहे, कुठं काही अडलेलं नाही. इथून तिकडे पाठवायचे म्हटलं तर आज पोचणार नाहीत, म्हणाला. मी फोन लावून भाऊंना तसं सांगितलं. पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता. ते म्हणाले, "सगळं ठीक आहे म्हंते काय साहेब?"

"हो भाऊ. दुसऱ्या मशीनमध्ये पाहा."

"पाह्यतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आशा अशी नव्हतीच. मला ते तेव्हा चमत्कारिक वाटलं.

संध्याकाळी बस परतली. आपली माणसं धावत दवाखान्यात गेली, पट्टे सोडले, बाकावर चादर पसरून तिच्यावर शंभराच्या नोटांचा ढीग केला. एका म्हातारीनं परतीचे म्हणून लुगड्यात बांधलेलेही सोडून दिले. पैसे भरले गेले, वहिनींना आत नेलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी करता आलं असतं तर कदाचित. मग म्हणाले, कदाचित तरीही नाही. भाऊंच्या वाट्याला ही दोन कदाचित आली आणि त्यांनी त्यांतलं पहिलंच धरून ठेवलं.

दिवसपाणी झाल्यावर खात्याच्या कामासाठी मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. मुलगीही होती. ती अकोल्यात दिली आहे. खिडकीवरच्या पोरसवदा कारकुनानं कार्ड हातात घेतलं. सोनेरी चौकोन एका कोपऱ्यातून उचकटलेला, कडांना लाल-पिवळं चिकटलेलं.

"काका, याच्यावर हळदकुंकू कोणी लावलं? असं कार्ड जगात कुठं चालणार?"

मुलीनं वडिलांकडे पाहिलं. मला माहीत होतं आणि मी बोलणार नव्हतो.

"म्या लावलं," भाऊ म्हणाले. "मलेच अक्कल नाई. माह्याच हातानं झालं."

त्या दिवसापासून मुलीचं वडिलांशी बोलणं कामापुरतं राहिलं. तिच्या आईचा जीव त्यांच्या खुळेपणानं गेला, असं तिनं धरलं. मी एकदा भाऊंना म्हटलं, मुलीला खरं सांगा. ते म्हणाले, "काहून? माय तर गेली. आता तिच्या नावानं हे बी ठेवू काय?" नवं कार्ड त्यांनी घेतलं नाही. पुढं पैसे लागले की चिठ्ठी भरून रांगेत उभे राहत.

त्यानंतर भाऊंनी कशालाच हात जोडले नाहीत. गाडीची पायरी चढताना हात दांड्याला. पगाराच्या दिवशी लेखापाल दाराकडे बघत राहिला. खंडेनवमीला मुलांनी उपकरणं मांडली, ताट तयार केलं आणि भाऊंना बोलावलं, तर ते बाहेर व्हरांड्यात स्टुलावर बसले होते. "तुमीच करा," म्हणाले. आम्ही केली. कुंकू कुठं लावायचं नाही, हे सांगायला ते आत आले नाहीत.

निवृत्तीनंतर ते मुलीकडे राहायला गेले आणि गेल्या थंडीत तिथंच वारले. गल्लीतल्या त्यांच्या घरात आता परतवाड्याचं एक कुटुंब भाड्यानं राहतं. माझंही रोजचं गाडीनं जाणं सुटलं. तरी मूर्तिजापूर म्हटलं की मला एक दिवस आठवतो. वहिनींना जाऊन वर्ष होत आलं होतं. डबा उघडायचा वाद आम्ही केव्हाच सोडून दिला होता. भाऊ खिडकीबाहेर बघत होते. एकाएकी म्हणाले, "सर, तुमाले वाटते मले माईत नव्हतं?"

"काय भाऊ?"

"करंट जाते तिथं कुंकू लावू नाई, हे. आयुष्य गेलं माह्यं त्याच्यात. ती चौकोनावर लावून राहिली तवाच म्या पाह्यलं. पण काय सांगू? एवढी खूश होती. म्हटलं, गाडीत बसलो की पुसून टाकीन. मंग म्हटलं इटारसीले. मंग गोरखपूरले. पण ती बाजूलेच. घडी घडी म्हणे, कार्ड आहे ना? दाखवा बरं. मी काढून दाखवो. कुंकू पाहून तिले बरं वाटे. मंग म्या पुसलंच नाई."

गाडीला वेग होता आणि ते हळू बोलत होते, म्हणून मी जवळ सरकलो.

"त्या दिवशी दोन मशिनी झाल्या. तिसरीपाशी पुसलं. रुमालानं पुसलं, थुंकी लावून पुसलं. वर्षावर्षाचं घट्ट बसलेलं, निघे ना. नखानं खरवडाले गेलो, तर चौकोनच उचकटला. त्याच्याखाली बी हळद होती, सर."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला.

"परत गेलो तिच्यापाशी. बस अजून आली नव्हती. ती माह्या तोंडाकडंच पाहून राहिली होती. म्हणे, चाललं काय कार्ड? म्या म्हटलं, चाललं. अशी हसली, सर. मंग! म्हणे, उगीच पूजा केली काय म्या त्याची? काढा, म्हणे, हात जोडा त्याले."

"मग?"

"म्या काढलं. तिच्यापुढं धरलं अन् हात जोडले. उलटं धरलं होतं. कुंकू पुसलेलं तिले दिसू नाई म्हणून."