दोष आढळला नाही

विमानाच्या तारेला हात लावण्याआधी आबा उजव्या हाताची बोटं विजारीला पुसायचे. मग तारांच्या जुडग्यातली एक तार चिमटीत धरून, डोळे मिटून, इंचाइंचानं पुढं सरकत राहायचे. शेजारी कुणी हातोडी मारत असो, बाहेर इंजिन चालू असो, त्यांचं ध्यान मोडत नसे. आम्ही घाई केली की डोळे न उघडताच म्हणायचे, "तार खोटं बोलत न्हाय. तिला बोलायला येळ तर द्या."

बारामतीच्या एमआयडीसीच्या बाजूनं कधी गेला असाल तर कुंपणापलीकडं उतरणारी छोटी विमानं तुम्हीही पाहिली असतील. लोक गाडी थांबवून लहान मुलांना दाखवतात. उतरल्यावर ती ज्यांच्या ताब्यात जातात त्यांच्याकडं मात्र कुणी बघत नाही. आबा त्यांच्यातले. मी कऱ्हाटीची. विमान दुरुस्तीचं शिक्षण संपवून वैमानिक घडवणाऱ्या एका लहान संस्थेच्या हँगरमध्ये लागले, तेव्हा विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचे ते मुख्य होते. ती संस्था आता तिथं नाही.

आबा मूळचे शेळगावचे. वडिलांची मेंढरं होती, वर्षातले आठ महिने सगळं घर रानोमाळ. त्यातून हा एक मुलगा हवाई दलात गेला आणि लढाऊ विमानांच्या तारा जोडायला शिकला. स्वतःची ओळख ते अशी करून द्यायचे: "आमच्या सात पिढ्यांनी मेंढरं राखली, म्या इमानं राखली. चुकार दोन्हीकडं असत्यातच."

घरीसुद्धा त्यांची सवय सुटली नव्हती. विमानातल्या तारांना असतात तशा नंबरांच्या पट्ट्या त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिकटवल्या होत्या. मी पहिल्यांदा शेळगावला गेले तेव्हा त्यांच्या बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "बघ गं बाई, मीठ म्हंजी चार नंबर. पाव्हण्यानी मीठ मागितलं की म्या यादी हुडकायची."

'बहुतेक' हा शब्द त्यांना चालत नसे. नवीन असताना मी एकदा म्हणाले, "आबा, बहुतेक झालंय."

"म्हंजी इमान बहुतेक उडंल, का बहुतेक पडंल?"

त्यानंतर कितीतरी दिवस मी घरीसुद्धा तो शब्द तोंडातून काढला नाही.

एका दुपारी चहा पिताना मी विचारलं, की तुमच्या त्या लढाऊ विमानांत आणि आपल्या विमानांत असा काय फरक? आबांनी कप खाली ठेवला. "हितं काठी वडली की पोलादी दोरी वडली जाती, आन् दोरी शेपटीची पट्टी हलवती. माणसाचा हात थेट शेपटीपतूर पोचतो. तितं दोरीच न्हाय. काठी नुसता निरोप देती. निरोप तारंतनं संगणकाकडं जातो, आन् शेपूट किती हलवायची ते संगणक ठरवतो."

"आणि संगणक चुकला तर?"

"म्हणून तर चार असत्यात. तिघं एक बोलले आन् चौथा येगळं बोलला, तर चौथ्याला गप करत्यात." मग कपातल्या चहाकडं बघत म्हणाले, "पन चौथाच खरा बोलत असला तर?"

मी हसले. त्यांना हसू आलं नाही, हे मला फार उशिरा आठवलं.

आमच्या विमानांत पोलादी दोऱ्याच होत्या. पण वैमानिकासमोरचा पडदा आणि विमान आपोआप सरळ ठेवणारा ऑटोपायलट, हे दोन्ही तारेवरच्या निरोपांवर चालायचे. विमान किती झुकलंय हे शेपटीकडची एक पेटी सतत सांगत राहायची. तिचा निरोप दोन बारीक, एकमेकींभोवती पिळलेल्या तारांमधून पुढं यायचा. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी दोन इंजिनांच्या विमानाची एक तक्रार आली. ऑटोपायलट चालू असताना पडद्यावर डोळ्याची पापणी लवते न लवते इतका वेळ निरोप तुटल्याची लाल फुली उमटली, नाकाला खालच्या दिशेनं झटका बसला आणि सगळं पूर्ववत झालं. प्रशिक्षकानं तेवढंच लिहिलं होतं. बरोबरच्या शिकाऊ मुलीचा चेहरा मात्र उतरल्यावरही पांढरा होता.

आबांनी चार दिवस घेतले. कनेक्टर उघडले, पुसले, जोडले. जुडगे हलवून पाहिले, गरम हवा देऊन पाहिले, दुसऱ्या विमानातली पेटी आणून लावली. जमिनीवर ते विमान गरीब गाईसारखं वागायचं. चौथ्या दिवशी आबा म्हणाले, "खुर्च्या काढा, खालची फळी काढा. सगळी तार या टोकापासून त्या टोकापतूर बगायला लागंल."

त्याला आठ-दहा दिवस लागणार होते. आमचे व्यवस्थापक वाईट माणूस नव्हते. पण विद्यार्थ्यांचं उड्डाण खोळंबलं होतं, पालकांचे फोन येत होते. ते हँगरमध्ये आले. "आबा, चार दिवसांत तुम्हालाच काही सापडलं नाही. मग सही करायला हरकत काय?"

"साहेब, मला सापडलं न्हाय म्हंजी ते न्हायच, असं न्हाय."

"एकदाच झालंय ते."

"एकदाच हुतं पहिल्यांदा."

आबांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. साहेबांनी त्या खिशाकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले. "तुझंही लायसन्स आलंय ना?"

अशा सहीचा अधिकार देणारं लायसन्स येऊन तीन महिने झाले होते. आबांनीच दुपारच्या सुट्टीत बसवून माझा अभ्यास घेतला होता. मी सगळ्या चाचण्या पुन्हा केल्या, तीनदा. तिन्ही वेळा सगळं व्यवस्थित आलं. आज लोकांना सांगते की मला खरंच दोष दिसला नव्हता, आणि ते खोटं नाही. पण साहेबांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती, हेही खोटं नाही. मी लॉगबुकात लिहिलं, 'तपासले. दोष आढळला नाही.' खाली सही केली.

आबा कोपऱ्यातल्या नळावर हात धूत होते. टॉवेलला हात पुसत आले, पानावर नजर टाकली आणि एवढंच म्हणाले, "तारीख टाकायची राहिली."

पुढच्या आठवड्यात त्यांची बदली सुट्या भागांच्या खोलीत झाली. तिथं ते बोल्टांचे खोके नीट लावत महिनाभर बसले. एक दिवस आले नाहीत, आणि मग आलेच नाहीत.

दिवाळीनंतर मी शेळगावला गेले. माफी मागायची असं वाटेत ठरवत होते, पण त्यांनी तोंडच उघडू दिलं नाही. ओसरीवर बसायला चटई टाकली आणि पहिला प्रश्न विचारला, "उडतंय का ते?"

"उडतंय आबा. पुन्हा काही तक्रार नाही."

"बरं हाय. म्याच चुकीचा निघू दे."

मग त्यांनी कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. हवाई दलात असताना एका लढाऊ विमानाची अशीच तक्रार आली होती. त्यांनी तपासलं, काही सापडलं नाही, तसं लिहून सही केली. दुसऱ्या दिवशी ते विमान माळावर पडलं. वैमानिक खुर्चीसकट बाहेर फेकला गेला, वाचला. पण मणक्याला मार बसून कमरेखालचं अंग गेलं. चौकशीत आबांवर ठपका आला नाही. "ठपका आला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "म्या दवाखान्यात भेटाया गेलो. माझ्यापरीस आठ-दहा वर्सांनी ल्हान पोरगा. म्या कोन ते त्याला ठावं हुतं. त्यानं मला च्या पाजला."

काकू आत भाकरी थापत होत्या. तो आवाज थांबला होता.

त्यानंतर दर महिन्याला त्यांचा फोन यायचा. इकडचं तिकडचं बोलून झालं की शेवटी तोच प्रश्न, उडतंय का. मी हो म्हटलं की हलकं झाल्यासारखे बोलायचे. तीन-चार महिन्यांनी आवाज खोल जायला लागला. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला होता, आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं.

सही करून दहा महिने झाले तेव्हा त्या विमानाची मोठी तपासणी आली. खुर्च्या निघाल्या, खालची फळी निघाली. टॉर्च घेऊन मी आत वाकले. उजव्या खुर्चीच्या रुळाखाली तारांचा जुडगा धरून ठेवणारी क्लिप तुटली होती. जुडगा लोंबून रुळाला टेकला होता, आणि खुर्ची पुढंमागं होताना तारेवरचं वेष्टण घासून गेलं होतं. आतलं तांबं उघडं होतं. केसाएवढं.

मी त्याचा फोटो काढला. साहेबांनी तार बदलायला सांगितली आणि नोंद स्वतः लिहिली: 'नियमित तपासणीत तार बदलली.' जुन्या तक्रारीचा त्यात उल्लेख नव्हता, माझ्या सहीचाही नव्हता.

रविवारी फोटो घेऊन मी शेळगावला गेले. आबा खाटेवर होते, हात बांबूच्या कामठीसारखे झालेले. तुमचंच खरं होतं हे ऐकून त्यांना बरं वाटेल, असं मला वेडीला वाटलं होतं. त्यांनी चष्मा मागितला. फोटोकडं बराच वेळ बघितलं.

"रुळाखाली?"

"व्हय आबा."

"किती दिस उडालं तसंच?"

"दहा महिने."

"कोन कोन बसलं त्यात?"

मी नावं सांगायला लागले. विद्यार्थ्यांची, प्रशिक्षकांची. सात-आठ नावं झाली तेव्हा त्यांनी हात वर केला. चष्म्याखालून पाणी कानाकडं ओघळत होतं. काकूंनी पदरानं ते पुसलं.

"नोंद काय केली?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं वाटलं, पण ते बोलले. "पोरी, असली इमानं लई हायेत. ती क्लिप अजून कुठं तुटली आसंल, तर त्या मानसाला खुर्चीखाली बगायचं सुचंल कसं? कुनीतरी लिवलं पायजे."

"मी लिहिलं तर माझी सहीपण सांगावी लागेल."

"व्हय. सांगावी लागंल."

त्यांनी शपथ घातली नाही, आग्रह केला नाही. तेवढं बोलून भिंतीकडं तोंड केलं.

मी दोन दिवस घेतले. मग विमान वाहतूक खात्याच्या कार्यालयाला सविस्तर लिहिलं: तक्रार, आबांचा नकार, माझ्या चाचण्या, माझी सही, क्लिप. त्या कागदामुळं तशी विमानं उघडून बघायचा आदेश निघाला, आणि आमच्याच दुसऱ्या एका विमानात तीच क्लिप तडकलेली सापडली. माझं लायसन्स सहा महिन्यांसाठी थांबवलं. संस्थेनं उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. साहेब दारापर्यंत सोडायला आले. घरी आईला वाटलं मी चोरीबिरी केली. तिला समजावताना मलाही नीट सांगता येईना.

आबांना फोनवर कळवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जेवलीस का?"

मे महिन्यात काकूंचा फोन आला. आबा पळसदेवला जायचंय म्हणतात, लहानपणी मेंढरांबरोबर तिथं मुक्काम असायचा; धरणाचं पाणी खाली गेलंय, बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलंय. माझ्याकडं वेळच वेळ होता. भावाची गाडी घेऊन गेले. आबांना मागच्या सीटवर उशा लावून बसवलं.

उजनी धरणाचं पाणी पार लांब सरकलं होतं. भेगाळलेल्या गाळापलीकडं देवळाचं शिखर आणि काळे खांब उभे होते. कोळ्यांच्या होड्या चिखलात कलल्या होत्या. देवळापर्यंत चालणं आबांना शक्य नव्हतं. दार उघडून त्यांचे पाय आम्ही बाहेर मातीवर ठेवले. त्यांना तेवढं पुरलं असावं. देवळाकडं बघता बघता त्यांना झोप लागली, तोंड किंचित उघडं, पायांत काकूंनी घातलेले लोकरीचे मोजे.

काकूंनी डोक्यावरचा पदर सोडून त्यांच्या तोंडावर सावली धरली. मी दुसऱ्या बाजूला बोनेटला टेकून उभी राहिले. ऊन उतरलं, वारा सुटला, होड्यांतली माणसं घरी गेली. दोनदा काकूंनी माझ्याकडं बघितलं, दोनदा मी नको म्हणून मान हलवली. त्यांना उठवायला आमच्यातल्या कुणाचाच हात पुढं झाला नाही.